भिंत, पडदा आणि विद्यापीठ : कला-राजकारणाच्या केंद्राविषयी एका प्रश्नाचे उत्तर

प्रश्न थोडक्यात असा आहे : एका विद्यापीठाच्या ललित कला विभागाला ‘कला आणि राजकारण’ या विषयाचे स्वतंत्र केंद्र काढायचे आहे. प्रस्तावात न्यूयॉर्कमधील ‘द न्यू स्कूल’ या विद्यापीठाच्या व्हेरा लिस्ट सेंटरचा दाखला दिलेला आहे. असे केंद्र प्रत्यक्षात काय करते आणि विद्यापीठाने राजकारणात पडावेच कशाला, या विद्या परिषदेतील आक्षेपाला काय उत्तर द्यावे, असे प्रश्नकर्त्या प्राध्यापकांनी विचारले आहे.

मी उत्तराची सुरुवात आक्षेपापासून करतो, कारण त्याचा निकाल लागल्याशिवाय बाकीच्या तपशिलाला अर्थ येत नाही. विद्यापीठ आज राजकारणाच्या बाहेर उभे आहे आणि केंद्र काढल्यामुळे ते आत ओढले जाईल, असे आक्षेप घेणारे सदस्य गृहीत धरत आहेत. कलामहाविद्यालयांत शिकवताना आणि प्रदर्शनांची मांडणी करताना मला आलेला अनुभव नेमका याच्या उलट आहे. कोणते चित्र दर्शनी भिंतीवर लावायचे, कोणते कोठीत ठेवायचे, पाहुणे येणार म्हणून कोणते दिवसभरापुरते उतरवायचे, हे निर्णय प्रत्येक संस्थेत होतच असतात, फक्त त्यांची कोठे नोंद होत नाही. एका वार्षिक प्रदर्शनाच्या उद्घाटनाच्या आदल्या रात्री मला फोन आला की अमुक विद्यार्थ्याचे वुडकट, म्हणजे लाकडी ठशाचे चित्र, काढून घ्या, कारण विचारू नका आणि लेखी काही मिळणार नाही. मी ते उतरवले. सकाळी भिंतीवर दोन खिळे होते आणि खाली त्या विद्यार्थ्याच्या नावाची चिठ्ठी तशीच राहिली होती. ती काढायचे कोणाच्याच लक्षात आले नव्हते. तो मुलगा बराच वेळ त्या चिठ्ठीसमोर उभा होता आणि त्याला सांगण्यासारखे माझ्याजवळ काहीही नव्हते. त्या दिवशी आम्ही राजकारण केले होते, आणि ते अभ्यासाविना, चर्चेविना व जबाबदारीविना केले होते. केंद्र काढल्याने विद्यापीठात राजकारण येत नाही. जे आधीपासून आहे ते दिवसाउजेडी तपासण्याची सोय तेवढी होते. व्हेरा लिस्ट सेंटरचा दाखला मला महत्त्वाचा वाटतो तो याचसाठी, कारण त्या केंद्राचा उगम त्याच विद्यापीठाच्या स्वतःच्या भिंतीशी आणि स्वतःच्या अंगणाशी जोडलेला आहे.

न्यू स्कूलची स्थापना 1919 साली झाली, तीच मुळी एका विद्यापीठीय भांडणातून. पहिल्या महायुद्धातील अमेरिकेच्या सहभागाच्या संदर्भात घेतलेल्या भूमिकांवरून कोलंबिया विद्यापीठाने 1917 च्या ऑक्टोबरमध्ये दोन प्राध्यापकांना काढून टाकले, आणि युद्धाला स्वतः अनुकूल असलेले इतिहासकार चार्ल्स बिअर्ड यांनी त्याच्या निषेधार्थ राजीनामा दिला. पुढे बिअर्ड, इतिहासकार जेम्स हार्वे रॉबिन्सन, तत्त्वज्ञ जॉन ड्युई, अर्थशास्त्रज्ञ थॉर्स्टाइन व्हेब्लेन यांच्यासारखी मंडळी या नव्या संस्थेच्या उभारणीत आली. मराठी वाचकाला यातील दोन नावे परकी नाहीत. 1913 ते 1916 या काळात कोलंबियात शिकणाऱ्या डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी आपल्या थोर प्राध्यापकांत ज्यांची कृतज्ञतेने गणना केली, त्यांत ड्युई आणि रॉबिन्सन हे दोघेही आहेत. बाबासाहेब तेथून निघाल्यानंतर दीड वर्षाच्या आतच त्या विद्यापीठात हा वाद पेटला.

आता भिंतीकडे येऊ. 1930-31 च्या हिवाळ्यात संस्थेची पश्चिम बाराव्या रस्त्यावरील नवी इमारत पूर्ण होत असताना मेक्सिकोचे चित्रकार होसे क्लेमेंते ओरोस्को यांनी तिच्या भोजनगृहाच्या भिंतींवर ओल्या गिलाव्यात भित्तिचित्रे रंगवली. एका भिंतीवर विश्वबंधुत्वाचे मेज आहे, त्याच्याभोवती निरनिराळ्या वंशांचे पुरुष बसलेले आहेत. दुसरीकडे पाश्चात्त्य जगातील संघर्ष आहे, त्यात लेनिन, स्टालिन आणि कूच करणारे सोव्हिएत सैनिक दिसतात. समोर पौर्वात्य जगातील संघर्ष आहे आणि तेथे महात्मा गांधी व सरोजिनी नायडू आहेत. ज्या वर्षी दांडीचा मीठ सत्याग्रह झाला आणि धारासणेच्या मिठागरावर सरोजिनीबाई सत्याग्रहींच्या पुढे उभ्या राहिल्या, त्याच वर्षाअखेरीस न्यूयॉर्कमधील एका जेवणघराच्या ओल्या भिंतीवर ही माणसे उमटत होती. यात नुसता योगायोग नाही. जगात काय चालले आहे हे विद्यार्थ्याला जेवताना समोर दिसले पाहिजे, असे मानणारी संस्था होती, म्हणूनच ते घडले.

याच्या दोनच वर्षांनंतर त्याच शहरातील रॉकफेलर सेंटरमध्ये मेक्सिकोचेच चित्रकार दिएगो रिव्हेरा यांनी भित्तिचित्रात लेनिनचा चेहरा रंगवला. त्यांना काम थांबवायला लावण्यात आले आणि 1934 च्या फेब्रुवारीत ते चित्र फोडून टाकण्यात आले. न्यू स्कूलमधील चित्रे टिकली. मात्र ती टिकली म्हणून ती संस्था कसोटीला उतरली असे म्हणता येणार नाही. 1953 साली, साम्यवादविरोधी संशयाचे वातावरण ऐन भरात असताना, लेनिन आणि स्टालिन असलेल्या भागावर संस्थेने पिवळा पडदा लावला. विचारस्वातंत्र्यासाठी जन्मलेल्या, 1933 नंतर नाझी जर्मनीतून हाकलल्या गेलेल्या विद्वानांना आसरा दिलेल्या संस्थेने हे केले. चित्र पुसले नाही, फोडले नाही, फक्त झाकले. या ‘फक्त’मध्ये काय काय सामावलेले असते, ते माझ्यासारख्या खिळे रिकामे ठेवलेल्या माणसाला नीट कळते. हातोड्याचा निषेध करायला लोक जमतात. पडद्यामागचे चित्र शाबूत असते, त्यामुळे काही बिघडलेच नाही असे वाटत राहते. तरीही विद्यार्थी आणि अध्यापक यांनी त्या वेळी आवाज उठवला आणि कालांतराने तो पडदा गेला.

केंद्राच्या स्थापनेचे तात्कालिक कारण मात्र साडेतीन दशकांहून अधिक काळानंतरचे आहे. 1989 साली रॉबर्ट मेपलथॉर्प आणि आंद्रेस सेरानो यांच्या, सरकारी मदतीने दाखवल्या गेलेल्या आणि अनेकांनी अश्लील वा धर्मनिंदक ठरवलेल्या छायाचित्रांवरून अमेरिकेच्या संसदेत गदारोळ झाला. परिणामी, कलेसाठी सरकारी अनुदान देणाऱ्या राष्ट्रीय कला निधीने 1990 साली अनुदान घेणाऱ्या प्रत्येकाकडून ‘या पैशातून अश्लील कृती निर्माण करणार नाही’ अशा अर्थाची हमी लिहून घ्यायला सुरुवात केली. न्यू स्कूलला 45,000 डॉलरचे अनुदान मंजूर झाले होते, आणि तेही कशासाठी, तर इमारतीमागच्या अंगणाची नव्याने आखणी करण्यासाठी. झाडे, दगडी बाके आणि पायवाट यांत अश्लील काय असणार? सही करून पैसे घेणे अगदी सोपे होते आणि बहुसंख्य संस्थांनी तेच केले असेल, असे मानायला हरकत नाही. न्यू स्कूलने सही नाकारली आणि निधीविरुद्ध न्यायालयात दावा लावला. संविधानविषयक खटल्यांसाठी नावाजलेले वकील फ्लॉइड अब्राम्स यांनी विद्यापीठाची बाजू घेतली. 1991 च्या जानेवारीत कॅलिफोर्नियात नर्तिका बेला लेविट्झ्की यांच्या संस्थेच्या दाव्यात ती हमी घटनाबाह्य ठरली आणि पुढच्याच महिन्यात न्यू स्कूलच्या दाव्यातही तडजोड होऊन सहीची अट सुटली. ते अंगण 1997 साली शिल्पकार मार्टिन प्युरियर आणि उद्यानरचनाकार मायकेल व्हॅन व्हाल्केनबर्ग यांच्या आखणीनुसार पूर्ण झाले. त्याला आणि 1992 साली सुरू झालेल्या केंद्राला एकाच व्यक्तीचे नाव आहे : व्हेरा लिस्ट, त्या विद्यापीठाच्या विश्वस्त, कलासंग्राहक आणि देणगीदार.

प्रस्तावात ही गोष्ट ‘विजय’ म्हणून मांडू नये, असा माझा आग्रह आहे. हमीची अट गेली तरी अनुदान देताना ‘सर्वसाधारण सभ्यतेची मानके’ विचारात घ्यावीत, असे कलम संसदेने कायद्यात घातले होते आणि 1998 साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने ते वैध ठरवले. त्याशिवाय, विद्यापीठ बाहेरच्या सत्तेशी लढते तेव्हा त्याची बाजू स्पष्ट असते. प्रश्न घरात उभा राहतो तेव्हा तशी स्पष्टता राहत नाही. 1989 सालीच न्यू स्कूलच्या पार्सन्स या कला-विद्यालयाच्या दालनात एका जपानी ग्राफिक डिझाइनरच्या कामाचे प्रदर्शन भरले होते आणि त्यात एका पेयाच्या कंपनीचे जुने बोधचिन्ह होते, ज्यात कृष्णवर्णीय माणसाचे विकृत, हीन व्यंगरूप होते. संस्थेने ते काढण्यास नकार दिला. कवी आणि तेथील अध्यापक सेकू सुंदियाता यांनी त्या चित्रावर फुली मारली आणि सही केली. म्हणजे 1953 साली संस्थेने झाकले ते चूक होते, आणि 1989 साली अभिव्यक्तिस्वातंत्र्याच्या नावाखाली हात झटकले तेही अपुरे होते. ‘काहीही झाकू नका’ एवढ्या एका वाक्याने कोणत्याही संस्थेला या प्रश्नातून सुटका नाही. कोणाचे स्वातंत्र्य, कोणाच्या भिंतीवर आणि ते सोसणारे कोण, हे प्रत्येक वेळी नव्याने विचारावे लागते. हे विचारण्यासाठी वेळ, पैसा, जागा आणि अधिकार असलेली यंत्रणा विद्यापीठात असावी, हेच अशा केंद्राचे प्रयोजन आहे. विद्या परिषदेत मी एवढेच सांगेन.

आता केंद्र करते काय? बाहेरून पाहणाऱ्याला व्याख्याने, परिसंवाद, प्रदर्शने आणि पुस्तके दिसतात, आणि तेवढे तर आपल्याकडील कोणताही विभाग करतो. फरक आहे तो कालावधीचा. तेथे साधारण दोन वर्षांसाठी एकच विषय घेतला जातो आणि त्या काळातील बहुतेक कार्यक्रम, शिष्यवृत्त्या, अभ्यासवर्ग त्या विषयाभोवती फिरतात. 2011 ते 2013 या काळात ‘वस्तुपण’, 2015 ते 2017 या काळात ‘लोकशाहीनंतर’, 2020 ते 2022 या काळात ‘शिष्टाचार आणि संकेत’ अशा आशयाचे विषय होते. 2018 पासून अभिव्यक्तिस्वातंत्र्यावर जी सलग चर्चासत्रे झाली, त्यांच्या कल्पनेत दिल्लीचे चित्रपटकार अमर कंवर यांचा सहभाग होता आणि त्यातून पुढे एक ग्रंथही निघाला. दोन वर्षे ही मुदत मला फार योग्य वाटते. एका दिवसाच्या परिसंवादात माणसे आपापली ठरलेली भूमिका मांडून चहा घेऊन निघून जातात. तोच विषय दुसऱ्या सत्रात, तिसऱ्या सत्रात पुन्हा समोर आला की मग विधिशाखेचा विद्यार्थी शिल्पकाराला खरे प्रश्न विचारू लागतो, आणि शिल्पकारालाही आपल्या कामातील कच्चे दुवे दिसू लागतात.

दुसरी गोष्ट पुरस्काराची. केंद्राला वीस वर्षे झाली तेव्हा, 2012 साली, एक द्वैवार्षिक पुरस्कार सुरू झाला. तो आता कला आणि सामाजिक न्यायासाठीचा जेन लोम्बार्ड पुरस्कार म्हणून ओळखला जातो. पहिला पुरस्कार शिकागोच्या थिएस्टर गेट्स यांना, तेथील पडक्या घरांचे वाचनालय आणि भेटीच्या जागा यांत रूपांतर करण्याच्या कामासाठी मिळाला. 2014 साली तो अबूनद्दारा या निनावी सीरियन चित्रपटकारांच्या गटाला मिळाला. हा गट 2011 पासून दर शुक्रवारी एक लघुपट प्रसिद्ध करीत असे, आणि युद्धात सापडलेल्या माणसालाही आपली प्रतिमा कशी दाखवली जावी हे ठरवण्याचा हक्क आहे, असे त्याचे म्हणणे होते. 2018 साली केप टाउनच्या चिमुरेंगा या कला-प्रकाशन गटाची निवड झाली. व्यक्तीपेक्षा एका ठरावीक, दीर्घ काळ चाललेल्या प्रकल्पाला हा पुरस्कार दिला जातो, आणि त्याबरोबर प्रदर्शन, परिषद, प्रकाशन व वर्गांतील अध्यापन जोडलेले असते. शाल-श्रीफळ देऊन समारंभ आटोपला असे तेथे होत नाही. पुरस्कार जाहीर झाल्यावर विद्यापीठाचे काम सुरू होते.

यातील दोन प्रकल्पांवर मी थोडा थांबतो, कारण ‘राजकीय कला’ म्हटले की आपल्याकडे लगेच घोषणाफलक, व्यंगचित्रे आणि पथनाट्ये डोळ्यांपुढे येतात. 2016 च्या मानकरी, ब्राझीलमध्ये जन्मलेल्या मारिया तेरेसा आल्वेस यांचे काम बियांवर आहे. शिडाच्या जहाजात माल कमी असला की ते डोलू नये म्हणून तळाशी माती, वाळू, दगड भरत. आपल्याकडे त्याला नीरम म्हणतात. बंदरात पोचल्यावर हा भार काठावर टाकला जाई आणि त्या मातीतून दूरदेशीचे बी नव्या जमिनीत येई. हे बी कित्येक दशके मातीत निजून राहू शकते. आल्वेस यांनी मार्सेय, लिव्हरपूल, ब्रिस्टल अशा बंदरांमधील या मातीचा माग काढला, तिचे नमुने घेतले आणि ते कुंडीत ठेवून काय उगवते ते पाहिले. ब्रिस्टलमध्ये एका जुन्या बार्जवर अशा झाडांची तरंगती बाग केली. गुलामांच्या व्यापारात ज्या बंदरांची भरभराट झाली, त्यांतील ही बंदरे आहेत. कागदोपत्री ज्या फेऱ्यांची फारशी वाच्यता होत नाही, त्यांची साक्ष गवताची एक काडी देते. पुरस्कारानंतर 2017 साली न्यूयॉर्कच्या बंदराचा असाच अभ्यास विद्यापीठाच्या दालनात मांडला गेला. त्या शहराची काही जमीन मुळात अशा परक्या भरावावर उभी आहे. ‘येथले’ कोण आणि ‘बाहेरचे’ कोण, हा प्रश्न ते प्रदर्शन एकही घोषणा न देता विचारते. त्यासाठी चित्रकाराला वनस्पतिशास्त्रज्ञ लागतो, जुनी बंदर-दप्तरे चाळणारा इतिहासाचा अभ्यासक लागतो, माळी लागतो. ही सगळी माणसे एका आवारात मिळतात, म्हणूनच असे केंद्र विद्यापीठात असावे. खासगी गॅलरीला ते झेपणारे नाही.

दुसरा प्रकल्प आपल्या शेजारचा आहे. 2020 च्या फेरीत पुरस्कार मिळाला अवनी सेठी यांना, अहमदाबादच्या ‘कॉन्फ्लिक्टोरियम’ या संघर्षाच्या संग्रहालयासाठी. 2013 साली ते जुन्या शहरातील मिर्झापूर भागात, गूल लॉज या एका पारशी बाईंच्या जुन्या घरात सुरू झाले. शस्त्रे आणि तैलचित्रे मांडलेले हे संग्रहालय नव्हे. एका दालनात संविधानाची प्रत ठेवलेली आहे आणि ती काचेआड नसून हाताळण्यासाठी आहे. एके ठिकाणी बरण्या मांडलेल्या आहेत, ज्यात येणाऱ्याने आपली एखादी आठवण ठेवायची. बाहेर एक झाड आहे, त्याला माणसे माफीच्या चिठ्ठ्या बांधतात. काहीजण नाव लिहितात, काही लिहीत नाहीत. दंगलींनी दुभंगलेल्या शहरात, दोन्हीकडच्या माणसांची ये-जा असलेल्या वस्तीत, ही चिठ्ठी बांधण्याची कृती किती अवघड असेल याचा विचार करावा. मला तर हे काम कोणत्याही भव्य स्मारकापेक्षा मोलाचे वाटते, कारण ते पाहणाऱ्याला नुसते बघू देत नाही, त्याच्याकडून काहीतरी मागते.

आपल्या प्रस्तावाकडे वळताना एक कटू उदाहरण टाळता येणार नाही. 2007 च्या मे महिन्यात बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठाच्या ललित कला विद्याशाखेत, अंतर्गत परीक्षेसाठी मांडलेल्या विद्यार्थ्याच्या कामावरून बाहेरचे लोक आत शिरले, त्या विद्यार्थ्यालाच अटक झाली, आणि त्याच्या पाठीशी उभ्या राहिलेल्या अधिष्ठात्यांना विद्यापीठाने निलंबित केले. देशातील सर्वांत नामांकित कलाशाळांपैकी एका ठिकाणी हे घडले. तेथे बुद्धिमान शिक्षकांची उणीव नव्हती. असे काही घडले तर कोणी बोलायचे, कोणी निर्णय घ्यायचा आणि विद्यार्थ्याच्या बाजूने वकील कोणी द्यायचा, हे आधी ठरलेले असायला हवे असते. केंद्राच्या घटनेत, म्हणजे ज्या कागदावर त्याचे नियम लिहाल त्यात, हे पहिल्याच पानावर यावे. प्रदर्शनातील कृती उतरवायची झाल्यास तो आदेश लेखीच असावा, त्यावर पदनामासह सही असावी, कारण नोंदवलेले असावे आणि कलाकाराला ते वाचून उत्तर देण्याची मुदत मिळावी. माझा अनुभव असा की ‘लेखी द्या’ म्हटल्यावर निम्म्याहून अधिक फोन पुन्हा येत नाहीत. त्याचबरोबर सुंदियातांच्या फुलीची आठवण ठेवून, एखाद्या कृतीने दुखावल्या गेलेल्या विद्यार्थ्याला आपले म्हणणे त्याच दालनात, त्याच कृतीशेजारी मांडण्याची रीतसर जागा असावी. पोलीस ठाण्यात जाण्याआधी जाण्यासारखे एक दार विद्यापीठात हवे.

पैशाविषयी थोडक्यात. व्हेरा लिस्ट यांच्यासारखी देणगी मिळाली तर उत्तमच, परंतु देणगीदाराला विषय निवडण्याचा किंवा नाकारण्याचा अधिकार नाही, हे करारात असू द्या. सरकारी अनुदान घेताना सोबतच्या अटींचे कागद कुलसचिव कार्यालयात फायलीला लावून ठेवू नका, केंद्रातील सर्वांना वाचायला द्या. न्यू स्कूलमध्येही वादाची सुरुवात एका छापील अटीपासूनच झाली होती. मनुष्यबळ कमी असले तरी चालेल, पण निवड करणारी समिती केवळ कलाशाखेची नसावी. विधी, इतिहास, समाजशास्त्र आणि शक्य असल्यास वनस्पतिशास्त्र यांतील माणसे असावीत, आणि विद्यापीठाबाहेरचे किमान दोघे असावेत. महाराष्ट्रात त्यांतील एक जागा जलशाची आणि शाहिरीची परंपरा आतून जाणणाऱ्या व्यक्तीला द्यावी, अशी माझी विनंती आहे. कला आणि राजकारण यांचे नाते आपल्या समाजाला सत्यशोधकी आणि आंबेडकरी जलशांनी शिकवले, आणि ते शिक्षण वाड्यावस्त्यांवर, कंदिलाच्या उजेडात झाले. त्याची दखल घेतल्याशिवाय न्यूयॉर्कचा दाखला उसना वाटेल.

पहिल्या दोन वर्षांचा विषय कोणता घ्यावा, असेही आपण विचारले आहे. तो बाहेर शोधू नका. विद्यार्थ्यांच्या चार-पाच जणांच्या तुकड्या करा आणि विद्यापीठाच्या सर्व इमारतींतील चित्रे, पुतळे, तसबिरी, कोनशिला यांची नोंदवही तयार करायला सांगा : काय लावले आहे, कोणी दिले, कोणत्या साली, कोणत्या ठरावाने, आणि कोठीत काय पडून आहे. मोजपट्टी, कॅमेरा आणि कार्यकारिणीच्या जुन्या इतिवृत्तांची परवानगी, एवढे साहित्य पुरेल. जेथे भिंतीवर खिळा आहे आणि चित्र नाही, तेथे वहीत तीही नोंद करायला सांगा, आणि त्या जागी पूर्वी काय होते हे इमारतीतील सर्वांत जुन्या शिपायाला विचारायला पाठवा.